केळं ठेवू नका, वाट ओळखा

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. पस्तीस वर्षं मुंबईत नोकरी करून दोन वर्षांपूर्वी मी कोकणात सासरच्या घरी कायमची राहायला आले. हे आता नाहीत, घरात मी एकटीच. मागे आगर, विहीर, पलीकडे दगडी गडगा आणि मग रान. रात्री परसात कोणी ना कोणी येऊन जातं. फणस झाडावरच पोखरलेला सापडतो, गडग्यावर बिया भरलेली विष्ठा असते. अळूचा वाफा उकरला जातो, माडाची दोन नवी रोपं बुंध्याशी कुरतडून टाकली. मला याचा राग येत नाही, उलट झोप उडून बरं वाटतं. मी विहिरीच्या कट्ट्यावर रोज दोन केळी ठेवू लागले आणि आठवड्यात एक उदमांजर यायला लागलं. मोबाइलने फोटो काढले तर नुसते दोन दिवे दिसतात. मग पुण्याच्या भाच्याने आपोआप फोटो काढणारा कॅमेरा पाठवला. मी तो माडाला बांधला. चार रात्रींत अकराशे फोटो, जवळजवळ सगळे केळीच्या पानांचे! पण एका फोटोत चक्क खवले मांजर आहे. सोबत पाठवते आहे. भाचा म्हणतो, फेसबुकवर टाक. शेजारच्या वहिनी म्हणतात, असं बोलावत राहिलीस तर उद्या वाघ येईल. माझं काही चुकतंय का?

– कोकणातली एक वाचक

ताई, नमस्कार.

तुमचा फोटो मोठा करून मी बराच वेळ बघत बसले. खवले मांजरच आहे. जमिनीलगत धरलेलं निमुळतं तोंड, पुढच्या पायांची आत मुडपलेली नखं, आणि शेपटीच्या टोकापर्यंत कौलांसारखे एकावर एक बसवलेले खवले. वीस वर्षं रात्रीची जनावरं बघतेय, आणि मला ते आजवर तीनदाच दिसलंय. तुमच्या विहिरीमागून ते शांतपणे चालत गेलं, याचा मला फार आनंद झाला. आणि लगेच काळजीही वाटली. तुमचं पत्र छापताना गावाचं, तालुक्याचं आणि त्या वहाळाचं नाव मी मुद्दाम काढून टाकलं आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी तुमच्या परसात कोण कोण येतं ते बघू. झाडावरच पोखरलेला फणस आणि गडग्यावरची बियांची विष्ठा ही कांडेचोराची निशाणी. तुमच्या दोन दिव्यांच्या फोटोत शेपूट थोडी दिसतेय, तिच्यावर वळी नाहीत, म्हणजे तोच. शेपटीवर काळी-पांढरी वळी आणि पाठीवर लांब रेघा असलेलं, जास्त करून जमिनीवरच फिरणारं ते जवादी मांजर. लोक दोघांनाही उदमांजर म्हणून मोकळे होतात. कधी सवड झाली तर ती विष्ठा काठीने करवंटीत घ्या आणि वरून पाणी ओता. भेरली माड, जांभूळ, करवंद, जे खाल्लं असेल त्याच्या बिया स्वच्छ धुऊन निघालेल्या दिसतील. त्याने काल रात्री कुठे कुठे फेरी मारली हे त्यावरूनच कळतं. रानात बी पसरवायचं मोठं काम हे जनावर करतं.

अळू आणि माडाची रोपं मात्र साळिंदराने खाल्ली. डुकराने उकरलं असतं तर सगळा वाफा नांगरल्यासारखा उलटापालटा झाला असता. साळिंदर नेमका अळूचा कांदा काढतं, आणि माडाच्या रोपाचा बुंधा कापून आतला कोवळा गाभा खातं. कुरतडल्या जागी पटाशी मारल्यासारख्या रुंद खुणा दिसतील. पुढची रोपं लावाल तेव्हा भोवती बारीक जाळी लावा आणि ती अर्धा फूट जमिनीत पुरा. कोणी तारेत करंट सोडायचा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका. तो गुन्हा आहे, आणि अशा तारेला चिकटून आजवर जनावरांबरोबर माणसंही गेली आहेत.

आता केळी. ताई, ती आजपासून बंद करा. हे लिहिताना मला जड जातंय, कारण एकट्या घरात कोणीतरी रोज ठरल्या वेळी येतं याचं सुख काय असतं ते मी जाणते. माझ्या आजोळी एक काका रोज संध्याकाळी पडवीच्या टोकाला पपईची फोड ठेवायचे. कांडेचोर यायचा. पुढे पुढे तर दिवेलागणीलाच यायला लागला, माणसं समोर बसलेली असली तरी. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो, तरी पळायचा नाही. मग एके दिवशी काका मुंबईला गेले. कांडेचोर पपई शोधत शेजारच्या पडवीत गेला. तिथे दोन कुत्रे होते. सकाळी मी अंगणात गेले तेव्हा त्याची शेपूट तुळशीजवळ पडली होती, आणि काळ्या केसांना दव लागलं होतं. त्या माणसाला जनावराचं वाईट करायचं नव्हतं, पण जनावराची भीती गेली आणि तेवढंच पुरलं. तुमच्या घरी त्याला केळं मिळतं, पण चौथ्या घरी कोंबड्यांचा खुराडा आणि दांडा घेऊन बसलेला माणूस आहे. हा फरक त्याला कसा कळणार?

शिवाय तुम्ही केळं ठेवता ते विहिरीच्या कट्ट्यावर. उघड्या विहिरीत पडून मरणारी जनावरं कोकणात आणि घाटावरही थोडीथोडकी नाहीत. दोन कांडेचोर एका केळ्यासाठी भांडले तर एक आत जाणार. केळी बंद कराच, आणि विहिरीवर जाळी नसेल तर तीही टाकून घ्या. नाहीतर निदान एक जाड दोर गाठी मारून पाण्यापर्यंत सोडून ठेवा, पडलेल्या लहान जनावराला धरून वर यायला.

उन्हाच्या दिवसांत पाणी ठेवायला माझी हरकत नाही. उथळ थाळी, घरापासून लांब, गडग्याच्या बाजूला, आणि पाणी रोज बदललेलं. पाण्याने जनावर माणसाच्या दारात येऊन बसत नाही. पिऊन आपल्या वाटेने जातं.

तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या अडचणी त्या वाटेपाशीच सुटतात. रात्रीचं जनावर वाटेल तिथून येत नाही. त्याचे ठरलेले रस्ते असतात. गडग्याचा एखादा ढासळलेला दगड, कुंपणाखालची खबदड, माडावरून फणसावर आलेली फांदी. सकाळी चहा झाला की गडग्याच्या कडेने एक फेरी मारा. जिथून कोणी नेहमी जातं तिथला पाचोळा दबलेला असतो, दगडावरचं शेवाळ घासलेलं असतं, कुठे साळिंदराचा एखादा काटा पडलेला सापडतो. ओल्या मातीचा एक पट्टा सपाट करून ठेवला तर पावलंही मिळतील. आठ दिवस एवढंच करा, कॅमेरा कपाटातच राहू द्या.

मग एक-दोन रात्री नुसतं बसा. मागच्या पडवीत, घरातले सगळे दिवे मालवून. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मधेच मोबाइलचा पडदा एकदा जरी बघितला की ते सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वारा रानाकडून तुमच्याकडे वाहत असेल अशी जागा धरा. मच्छरची उदबत्ती लावू नका, पायघोळ कपडे घालून बसा. बॅटरीला लाल कागद दोन पदरी गुंडाळा. बहुतेक निशाचर जनावरांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, आणि तोही सरळ अंगावर न टाकता शेजारच्या झाडावर टाका. रात्री कानांनी जास्त दिसतं. कांडेचोर फणस खात असला की आधी चपचप ऐकू येते आणि मग पाचोळ्यावर एकेक आठळी टपकते: टप्प, जरा वेळाने टप्प. साळिंदर चालताना त्याच्या काट्यांचा कोरड्या शेंगांसारखा खुळखुळाट होतो. त्याच्यासाठी अंधारी रात्र धरा, लख्ख चांदण्यात ते उघड्यावर यायचं टाळतं. आणि ते काटे फेकून मारतं ही नुसती गोष्ट आहे. चिडलं की काटे उभारून पाठमोरं अंगावर येतं, म्हणून त्याची वाट अडवायची नाही आणि कुत्र्याला मोकळं सोडायचं नाही.

तुमच्या फोटोतले दोन दिवे कुठून येतात तेही सांगते. रात्री हिंडणाऱ्या बहुतेक जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणून त्यांना थोड्या प्रकाशातही दिसतं. मोबाइलचा फ्लॅश भिंगाला चिकटूनच असतो, त्यामुळे डोळ्यांतून परतलेला उजेड थेट भिंगात येतो. अंगापर्यंत मात्र त्या एवढ्याशा फ्लॅशचा उजेड पोचतच नाही. त्याला उपाय मोठ्या फ्लॅशचा नाही. मोठा फ्लॅश मी वापरलेला आहे. आंब्याच्या ढोलीत कांडेचोरणीची दोन पिल्लं होती. मी सहा फुटांवरून एकामागून एक अकरा फ्लॅश मारले. दुसऱ्या रात्री ढोली रिकामी होती. तिने पिल्लं उचलून नेली, कुठे नेली आणि वाचली का ते मला कधी कळलं नाही. फोटो उत्तम आला आहे, तो मी कोणालाही दाखवत नाही.

म्हणून भाच्याने पाठवलेलं यंत्रच बरं. ही युक्ती तशी जुनी आहे. फ्रेडरिक चॅम्पियन नावाचा वनाधिकारी शंभर वर्षांपूर्वी उत्तरेच्या जंगलांत पायवाटेवर तार लावून ठेवायचा आणि वाघ स्वतःच्या पायाने स्वतःचा फोटो काढायचा. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. आता तारेची गरज उरलेली नाही. समोरून जाणाऱ्या अंगाची ऊब आणि मागच्या जमिनीची ऊब यांतला फरक हलला की कॅमेरा उघडतो.

हे एकदा ध्यानात आलं की केळीच्या पानांचं कोडं सुटतं. तुमचे ते फोटो मी बघितले, सगळे रंगीत आहेत. हा कॅमेरा रात्री काळे-पांढरे फोटो काढतो, म्हणजे ते सगळे दिवसाचे. उन्हाने तापलेलं पान वाऱ्यावर हललं की त्याला वाटतं कोणी आलं. समोरची दोन पानं काढा, किंवा कॅमेऱ्यात फक्त रात्री चालू राहायची सोय असेल तर ती लावा. तोंड पूर्वेला ठेवलंय तेही उत्तरेकडे फिरवा, म्हणजे सकाळचं ऊन भिंगात शिरणार नाही. आपल्या जांभ्याच्या गडग्याची आणखी एक गंमत आहे. वैशाखात तो रात्री दहापर्यंत गरम असतो. त्याच्यासमोर जनावराची ऊब वेगळी ओळखू येत नाही आणि कॅमेरा झोपून राहतो. त्यामुळे संध्याकाळी कोणी सापडलं नाही म्हणजे कोणी आलंच नाही, असं समजू नका.

तुम्ही तो डोक्याच्या उंचीवर बांधला आहे. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर आणा. गडग्यावरून चालणारं हवं असेल तर गडग्याच्या माथ्याच्या जरा वर. वाटेपासून दोन-तीन मीटर लांब, आणि वाटेला तिरका. अगदी आडवा लावलात तर जनावर निघून गेल्यावर शेपटीचा फोटो मिळतो, आणि समोरून सरळ येणाऱ्याला तो उशिरा ओळखतो. अंग फार पांढरं फटक येत असेल तर कॅमेऱ्याच्या रात्री लागणाऱ्या बारीक दिव्यांवर औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी एक पदर लावा, ऊब ओळखणाऱ्या संवेदकाची काच तेवढी झाकू नका. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात या दिव्यांच्या उजेडाची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर लिहिलीय का ९४० ते बघा. ८५० चे दिवे लागताना अंधूक लाल ठिपके दिसतात आणि काही जनावरं त्याकडे टक लावून बघतात. ९४० चे जवळजवळ दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड कमी अंतर जातो. परसासाठी ९४० पुष्कळ. आठवड्यातून एकदाच कार्ड काढा, रोज रोज त्या वाटेवर जाऊन तुमचा वास ठेवू नका. झाकण उघडताना जपा. एकदा माझ्या कॅमेऱ्याच्या सेलच्या खणात मुंग्यांनी अंड्यांसकट वारूळ थाटलं होतं, पांढऱ्या दाण्यांची एक ओंजळ भरली. मृग लागला की कॅमेरा घरात आणा, किंवा वर पत्र्याचा तुकडा ठोका आणि आत ओल शोषणारी पुडी टाका.

आणि तो शेजाऱ्यांच्या पाणंदीकडे किंवा विहिरीवर बायका येतात त्या बाजूला वळलेला नसावा. वाडीत चार घरी स्वतः जाऊन सांगा की इथे कॅमेरा आहे आणि तो एवढ्याच कोपऱ्यावर आहे. हे आधी सांगितलं नाही तर पुढे जनावरं बाजूला राहतात आणि माणसांची भांडणं लागतात. आणि हे सगळं तुमच्या कुंपणाच्या आतच. पलीकडे वनखात्याचं रान असेल तर तिथे विचारल्याशिवाय काही बांधायचं नाही.

आता खवले मांजर. त्याच्या तोंडात एक दात नाही. लांब चिकट जिभेने ते वाळवी आणि मुंग्या खातं, म्हणजे तुमच्या वाशांवर उपकारच करतं. संकट आलं की अंगाचा गोळा करून आत तोंड खुपसून बसतं. बिबट्याच्या दातांपुढे हा बचाव बऱ्याचदा टिकतो. माणसापुढे टिकत नाही, कारण माणूस तो गोळा तसाच उचलतो आणि पोत्यात घालतो. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि ते तिच्या शेपटीवर बसून हिंडतं. एक मादी गेली की किती वर्षांचं नुकसान होतं, बघा. त्या खवल्यांत औषध म्हणून काहीही नाही, आपल्या नखांत असतं तेच केराटिन आहे. तरी खवल्यांसाठी त्याला मारतात, गावोगाव दलाल फिरतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून पूर्ण बंदी आहे. आणि तरीही ते पोत्यातून जातं.

म्हणून भाच्याला सांगा, हा फोटो फेसबुकवर नको, घरच्या ग्रुपवरही नको. तुम्ही कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून मला पाठवलात. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलमध्ये जागेचे आकडे लिहिलेले असतात. ते काढलं तरी मागे तुमच्या विहिरीचा रहाट दिसतोय, आणि त्या वाडीत लहानपण घालवलेला कोणीही तो ओळखेल. ग्रुपवर शंभर माणसं चांगली असतात, पण एकाने पुढे पाठवला की पुरे. कौतुक करायचं तर ते या जनावराच्या नावाने करा, जागेच्या नावाने नको. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था खवले मांजरासाठी गावांबरोबर काम करते. डुगवे गावात तर ‘खवलोत्सव’ झाला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून लोक नाचले. असं काही तुमच्या गावात पुढे कधी झालं तर मी स्वतः येईन. आज मात्र तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेटून सांगा. अनोळखी माणसं त्याची चौकशी करत आली, किंवा ते फासकीत अडकलेलं दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. स्वतः सोडवायला, उचलायला जाऊ नका.

वहिनींची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि तो बहुधा आताही तुमच्या पाणंदीने जातच असेल. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात शेतांमध्ये कॅमेरे लावले, तेव्हा दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा उसाच्या भागात बिबटे आणि तरस नेमाने फिरताना सापडले.  तुम्ही कॅमेरा लावल्याने बिबट्या येणार नाही, फक्त येत असेल तर कळेल. तो येतो कुत्र्यासाठी आणि मोकळ्या कोंबड्यांसाठी. कुत्रा रात्री घरात घ्या, खुराड्याला मजबूत दार लावा, परसात जाताना दिवा लावून आणि आवाज करत जा. आणि बिबट्याचा फोटो मिळालाच, तर त्या रात्रीपासून पडवीतलं बसणं बंद करून खिडकीआडून बघा. वहिनींनाही एकदा बोलवा. फणसाच्या आठळ्या टपकताना त्यांनी ऐकल्या की मग बोलणं सोपं जाईल.

एक वही करा. तारीख, तिथी, वारा, काय ऐकलं, कोण कुठल्या वाटेने आलं आणि किती वाजता. आणि ताई, कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचं राहून गेलंय. तुमच्या फोटोंवर १ जानेवारीपासूनच्या तारखा छापून आल्यात. फणस पिकलेत, म्हणजे वैशाख आहे हे कळतं. पण ते खवले मांजर रात्री नऊला आलं होतं की पहाटे चारला, हे आता फोटोवरून सांगता येणार नाही. घड्याळ आजच लावा.